जुन्या फायबर होडीचं काम घरी केलं, नऊ महिने वापरून झाल्यावर लिहितोय

मे संपत आला तसं परवा होडी खाडीतून काढली आणि घरामागच्या मांगरात पालथी घालून ठेवली. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात टाकली होती, म्हणजे नऊ महिने पुरे झाले. काम चालू असताना बऱ्याच जणांनी विचारलं होतं की जुनी फायबरची होडी घेऊन घरी दुरुस्त करणं परवडतं का. तेव्हा उत्तर दिलं नाही कारण रंग मारलेली होडी पहिल्या दिवशी सगळ्यांचीच छान दिसते, खरं काय ते खारं पाणी सांगतं. आता सांगू शकतो.

होडी १८ फुटी, उघडी, दोन बाकांची. वाशिष्ठी नदीच्या तोंडाशी, दाभोळच्या समोरच्या बाजूला आमचं घर आहे. एका मच्छीमाराच्या आवारात ती चारेक वर्षं आभाळाखाली पडून होती. इंजिनाशिवाय ३५ हजाराला घेतली. त्याच मापाची नवी मला दीड लाखाच्या पुढे सांगत होते. मटेरियलवर ४८ हजार गेले, मजुरी आमची घरचीच, मी, भाऊ आणि सुट्टीत आलेला भाचा. कागद मात्र पैसे द्यायच्या आधी बघा, होडी कोणाच्या नावावर आहे आणि तुमच्या नावावर होते का ते, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

घेताना आमच्या वाडीतले एक म्हातारे खलाशी सोबत आले होते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि होडीभर वाजवत फिरले. बहुतेक ठिकाणी टणटण, पण मागे जिथे इंजिन लागतं त्या फळीवर नुसतं बद्द बद्द. मला म्हणाले, "बाळा, फायबर सडत नाय, आतलं लाकूड सडतं. ही फळी तुला काढायला लागणार." ते ऐकलं ते फार बरं झालं. आतलं फायबर कापलं तर प्लायवूड काळं पडून हाताने कुस्करत होतं आणि तळाला पाणी झिरपत होतं. जुन्या मालकाने बोल्टांची भोकं तशीच उघडी सोडली होती, पाणी तिथूनच शिरलं असणार.

दुसरं म्हणजे बाकांखालचा फोम. होडी चार माणसांना हलत नव्हती, आम्हाला वाटलं जुन्या होड्या जाड असतात म्हणून असेल. बाक कापले तर आतला पिवळा फोम स्पंजासारखा भिजलेला, पोती भरभरून काढला आणि नंतर तीच होडी आम्ही तिघांनी उचलून ओंडक्यावर ठेवली. भाचा म्हणाला मामा थर्माकोल भरूया, पण पॉलिएस्टर रेझिनमध्ये (फायबरच्या धाग्यांत मुरवून घट्ट होणारा चिकट रस) स्टायरीन नावाचं द्रावक असतं आणि त्याने थर्माकोल विरघळतो, एक तुकडा ठेवून त्याच्यावर रेझिन ओतून दाखवलं त्याला, बघता बघता खड्डा पडला. मग २० लिटरचे झाकणबंद प्लास्टिक कॅन बसवले, दहा कॅन म्हणजे ढोबळ २०० किलोचं तरंगतं बळ, आणि बाकाला उघडता येईल असं झाकण ठेवलं. हा निर्णय मला आजही सगळ्यात जास्त आवडतो, कारण महिन्याला हात घालून बघता येतं की आत पाणी आहे का.

फळी काढल्यावर लगेच नवीन बसवायची घाई होत होती पण तात्यांनी तीन आठवडे थांबवलं. दिवसा उन्हात उघडी, रात्री ताडपत्री. ओल आत कोंडून वरून फायबर मारलं तर ते धरत नाही हे त्यांचं एकच पालुपद. नंतर १८ एमएमचे दोन मरीन प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ एमएमची फळी केली. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, साधा आयएस ३०३ वाला दुकानदार देतो आणि सांगतो की तोही चालतो, होडीला नाही चालत. कडा तर इपॉक्सी रेझिनने दोनदा पाजल्या कारण पाणी कडेतूनच पितं लाकूड.

रेझिनचं लिहायलाच हवं कारण यातच माणसं फसतात. लाकूड आहे तिथे इपॉक्सी, बाकी हलला, म्हणजे होडीच्या अंगाला, आयसोफ्थॅलिक (पाण्याला टिकणाऱ्या जातीचं) पॉलिएस्टर, असं केलं. इपॉक्सी मला तिप्पट महाग पडलं म्हणून सगळीकडे नाही वापरलं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगलं धरतं पण इपॉक्सी सुकल्यावर त्याच्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून जिथे इपॉक्सीने सुरुवात केली तिथे शेवटपर्यंत इपॉक्सीच. आणि इपॉक्सीसोबत साधी मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) घेऊ नका, मॅटचे धागे ज्या पावडरने चिकटवलेले असतात ती स्टायरीनने विरघळते, इपॉक्सीत स्टायरीन नाही त्यामुळे मॅट कडकच राहते, विणलेलं कापड घ्या. पॉलिएस्टरला ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची) मॅट असेल तर एक चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन लागतं, त्याहून फार जास्त ओतलं की मजबुती वाढत नाही, उलट ठिसूळ होतं.

पॉलिएस्टरला हार्डनरचं प्रमाण किलोला १० ते १५ मिली ठेवलं. फेब्रुवारीत एकदा दुपारी दोन किलो एकदम कालवलं आणि दहा मिनिटांत बादलीतच घट्ट होऊन धूर यायला लागला, बादली वितळली. त्यानंतर सकाळी सहाला काम सुरू, एका वेळी चारशे ग्रॅम, तेही पसरट ट्रेमध्ये. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही टाकू नका, आग लागते, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग हार्डनर. आणि कापडी मास्क लावून काही होत नाही, घासताना धुळीचा फिल्टर आणि रेझिनच्या वाफेसाठी कार्ट्रिजवालाच मास्क हवा, पूर्ण बाह्या, चष्मा. भावाने पहिल्या दिवशी उघड्या हातांनी ग्राइंडर चालवला आणि पुढचे चार दिवस त्याला खाजेने झोप नव्हती, घरात लहान मुलं असतील तर ते कपडे वेगळेच धुवा.

जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) मारला तेव्हा आठवडाभर चिकटच राहिला, धूळ, माशा सगळं त्याच्यावर. जेलकोट हवेला उघडा असेल तर वरचा थर सुकत नाही, शेवटच्या हाताला त्यात वॅक्स घालावं लागतं हे दुकानात कोणी सांगितलं नाही. अॅसिटोनने पुसून, घासून परत मारला, एक रविवार आणि चार किलो जेलकोट जास्तीचा गेला.

आता वापराचं. ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक यामाहा लावलं, वजन चाळीसेक किलो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा गरवायला जातो, तांबोशी मिळते, बोयरं मिळतात. धोपावे-दाभोळ फेरीबोटीच्या लाटा आडव्या घेतो तेव्हा आधी तळ कुरकुरायचा का ते कान देऊन ऐकायचो, आता ऐकतही नाही. पाणी भरत नाही, तळ दबत नाही, उभं राहून जाळं ओढलं तरी.

त्रास झाला तो दोन ठिकाणी. तळाला मी साधा इपॉक्सी पेंट मारला होता, अँटीफाऊलिंग (शिंपले धरू न देणारा रंग) पुढच्या वर्षी बघू म्हणून. होडी सतत खाडीत नांगरलेली, दीड महिन्यात तळभर शिंपल्यांची खवल धरली, वेग पडला आणि पेट्रोल वाढलं. ऑक्टोबरात उधाणाच्या भरतीला वाळूवर चढवली, ओहोटी लागली तशी खरवडून काढली, आणि वाळल्यावर तांबंवाला अँटीफाऊलिंग दोन हात. त्यानंतर परवा काढेपर्यंत तळ जवळपास साफ. बोल्टही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले होते, चार महिन्यांत तांबूस डाग, सगळे काढून ३१६ चे टाकले.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. परवा पालथी घातल्यावर उजव्या कुशीला रुपयाएवढे पाच फोड दिसले. एक फोडला तर आंबट वासाचं पाणी. ती जागा मी ओळखली. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आलं होतं आणि शेवटचा एकच पॅच उरला होता, तो मी सकाळच्या दमट हवेत, न वाळवता, उरकला होता. बाकी सगळा तळ जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसातला, तिथे एकही फोड नाही. आता पावसात त्याला हात लावणार नाही, घासून उघडा ठेवलाय, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून मग भरेन, कडेला जाडीच्या बारा पट उतार देऊन.

मागच्या फळीबद्दल धाकधूक होती. इंजिन उतरवलं, बोल्ट काढले. ती भोकं बसवतानाच आधी मोठी पाडून, इपॉक्सीने बुजवून मग परत पाडली होती, त्यामुळे बोल्ट लाकडाला लागतच नाहीत. तरी खात्री हवी म्हणून सगळ्यात खाली, पाण्याच्या रेषेजवळ, सहा एमएमचं एक भोक पाडलं, तात्या शेजारी उभे होते. भुसा पिवळा, कोरडा, प्लायचा वास असलेला. तात्यांनी चिमटीत घेऊन चोळला, फुंकला, आणि म्हणाले, "बुजव आता, उघडं ठेवू नको." त्याच संध्याकाळी बुजवलं.