पॅप स्मिअर उत्तम, पॅकेज मात्र अनावश्यक

चाळिशी उलटून गेली तरी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, मी दोन वर्षे टाळत आले होते. गेल्या महिन्यात पुण्यातील एका खासगी स्त्रीरोग दवाखान्यात ती अखेर करून घेतली. दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या तक्रारी त्या एकाच जागेपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

तपासणीबद्दल तक्रार करायला जागा नाही. डॉक्टरबाईंनी आधी योनीमार्ग उघडा धरणारा प्लास्टिकचा स्पेक्युलम माझ्या हातात देऊन तो किती उघडतो हे दाखवले, "दुखलं तर सांगा, मी थांबेन," असे म्हटले आणि एकदा खरोखरच थांबल्या. छोटा ब्रश गर्भाशयमुखावर फिरवून द्रवाच्या बाटलीत बुडवेपर्यंत दोन मिनिटेही लागली नसतील. ओटीपोटात क्षणभर पाळीसारखी कळ आली आणि संध्याकाळी कपड्याला किंचित डाग दिसला. मात्र तसे होऊ शकते हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे मी घाबरले नाही.

दवाखान्याची बाकी व्यवस्था या कौशल्याला शोभणारी नाही. पाळीच्या दिवसांत येऊ नये, आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध घालू नये व शरीरसंबंध टाळावेत, या खऱ्या उपयोगाच्या सूचना फोनवर कोणी दिल्या नाहीत. सांगितले ते एवढेच, की सकाळी उपाशी या. पॅप स्मिअरसाठी उपाशी राहण्याची काहीच गरज नसते. ती सूचना दवाखान्याच्या अनेक तपासण्यांच्या एकत्रित पॅकेजमधल्या रक्ततपासण्यांसाठी होती, आणि पॅकेज तर मी घेतलेलेच नव्हते. काउंटरवर माझ्यापुढे उभ्या असलेल्या, कॉलेजमधल्या वाटणाऱ्या मुलीला भर रांगेत "लग्न झालंय का?" असे विचारण्यात आले. जे खरोखर जाणून घ्यायचे असते ते आत, दार लावून, डॉक्टरांनी विचारायचे असते. माझी तपासणी चालू असताना एक मावशी फाइल घ्यायला दार उघडून आत आल्या. पडदा होता म्हणून निभावले.

नुसत्या तपासणीचे बाराशे रुपये झाले, तर पॅकेजची किंमत पाच हजार आठशे होती. त्यात व्हिटॅमिन डी आहे आणि सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित रक्ततपासणीही आहे. सीए-१२५ची पातळी फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे), इतकेच काय पण पाळीतसुद्धा वाढू शकते, त्यामुळे लक्षणे नसलेल्या आणि घराण्यात त्या कर्करोगाचा इतिहास नसलेल्या स्त्रीला ती सरसकट करायला सांगत नाहीत. डॉक्टरबाईंना विचारले तेव्हा त्यांनीही हे मान्य केले. पण पॅकेजच्या पत्रकावर नाव त्यांचेच आहे. उलट जी तपासणी असायला हवी ती, एचपीव्ही या विषाणूची, त्यात नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा याच विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतो, आणि एचपीव्हीचा निकाल चांगला आला तर पुढची तपासणी साधारण पाच वर्षांनी केली तरी चालते. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे त्याच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. आपल्याच राज्यात सिद्ध झालेली तपासणी पुण्याच्या पत्रकावर नसावी, याचे मला नवल वाटले.

रिपोर्ट पाचव्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला, सोबत कसलाही खुलासा नव्हता. 'एनआयएलएम' म्हणजे कर्करोगाचे किंवा त्याआधीचे बदल आढळले नाहीत, हे समजण्यासाठी मला फोन करावा लागला. डॉक्टरबाईंनी मात्र रात्री आठ वाजता स्वतः उचलून ते नीट सांगितले. पुढची पॅप तीन वर्षांनी आहे आणि तेव्हाही मी त्यांच्याकडेच जाईन, फक्त एचपीव्हीची मागणी आधीच करीन. धाकट्या बहिणीलाही तिथेच पाठवते आहे. नाश्ता करून जा, एवढे तिला बजावले आहे.