सेप्सिस इम्युनोस्कोअर: ट्रॉमा (गंभीर जखमींच्या) आयसीयूसाठी घ्यावा का?

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं. त्याचा धोका सांगणाऱ्या, शिकागोच्या प्रेनोसिस कंपनीच्या या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने एप्रिल 2024 मध्ये मंजुरी दिली. वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्राम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारी प्रथिनं) अशी 22 मापं घेऊन ते रुग्णाला कमी, मध्यम, जास्त किंवा अति जास्त धोक्याच्या गटात टाकतं. पुढच्या 24 तासांत सेप्सिस होण्याचा तो अंदाज असतो. कोणत्या मापामुळे स्कोअर चढला हेही पडद्यावर दिसतं, आणि ते फार उपयोगाचं आहे. नुसता लाल दिवा दाखवणाऱ्या यंत्रावर डॉक्टरांनी भरवसा का ठेवावा?

मात्र हे साधन ज्यांच्यात जंतुसंसर्गाची शंका आधीच आलेली आहे अशा प्रौढ रुग्णांसाठी बनलं आहे. स्कूटरच्या अपघातातून किंवा माडावरून पडून बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत), आलेल्या जखमीची गोष्ट वेगळी असते. पहिल्या दोन दिवसांत त्याचं शरीर जंतूंशिवायच पेटलेलं असतं. नाडी दुखण्याने वाढते. प्लीहा काढली असेल तर पांढऱ्या पेशी चढतात. भरपूर रक्त दिलं असेल तर प्लेटलेट उतरतात. चेंगरलेल्या स्नायूंमुळे क्रिएटिनिन वाढतं आणि फुप्फुसाला मार बसला असेल तर ऑक्सिजन घसरतो. डोक्याला मार असेल तर शुद्धीचा गुणही कमी. म्हणजे सेप्सिस नसतानाच सोफा स्कोअर (अवयव किती बिघडले याचे गुण) वर गेलेला असतो, आणि सेप्सिसच्या 2016 च्या व्याख्येप्रमाणे त्यात 2 गुणांची वाढ नेमकी कशावरून मोजायची हाच प्रश्न पडतो.

प्रोकॅल्सिटोनिनचंही तेच. मोठ्या इजेनंतर ते काही तासांत चढतं, साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि मग उतरतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 24 तासांचं, म्हणून सगळं सुरळीत असेल तर आकडा रोज जवळपास निम्मा व्हायला हवा. समजा मांडीचं हाड मोडलेल्या आणि पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे आकडे 4, 2.1, 1.2 असे उतरले आणि चौथ्या दिवशी 2.6 आले. पहिल्या दिवसाच्या 4 पेक्षा हे 2.6 जास्त गंभीर आहेत. तिथे ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), छातीचा एक्स-रे आणि लघवी लगेच तपासायला हवी. जखमेचं ड्रेसिंगही उघडून बघायला हवं. एकाच क्षणाचा 22 मापांचा फोटो घेणाऱ्या स्कोअरला ही चढउतार दिसत नाही, आणि ट्रॉमासाठी त्याची हीच मोठी उणीव आहे.

दोन सापळे लक्षात ठेवावेत. दुसरं ऑपरेशन झालं की आकडा पुन्हा उसळतो. मूत्रपिंडं बंद असतील तर तो उतरायला वेळ घेतो. सीआरपी याहून आळशी: दोन-तीन दिवस चढतच राहतो, त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या मोठ्या आकड्याने घाबरून अँटिबायोटिक बदलू नये.

पावसाळ्यात आणखी गुंता होतो. शेतात काम करणाऱ्याला अपघाताआधीच लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) झालेला असू शकतो, आणि त्यातही प्रोकॅल्सिटोनिन चांगलंच वाढतं. चिखलात घासलेल्या जखमेतून मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराचे जंतू शिरू शकतात. पश्चिम किनाऱ्यावर ते मातीत आहेत. अमेरिकन इस्पितळांच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राने असे रुग्ण क्वचितच पाहिले असणार. यंत्र दुसऱ्या ठिकाणी नेलं की कसं फसतं याचा पुरावाही आहे: एपिक या इस्पितळांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं सेप्सिस मॉडेल मिशिगनमध्ये स्वतंत्रपणे तपासलं, तेव्हा 2021 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्याने सेप्सिसच्या साधारण दोन तृतीयांश रुग्णांना ओळखलंच नाही. इम्युनोस्कोअरची बाहेरच्या रुग्णांवरची कामगिरी (एयूसी 0.81; हा अचूकतेचा आकडा, 1 म्हणजे अचूक आणि 0.5 म्हणजे नाणेफेक) त्याहून बरीच चांगली, पण ते रुग्ण ट्रॉमाचे म्हणून निवडलेले नव्हते.

व्यवहाराचा भाग. ज्या आयसीयूत तक्ता अजून कागदावर भरला जातो तिथे हे विकत घेऊन काही साधणार नाही. नाडी-रक्तदाब आपोआप संगणकात गेले नाहीत तर नर्सला दोनदा लिहावं लागतं आणि रात्रपाळीत नोंदी मागे पडतात. बेकमन कोल्टर कंपनीच्या रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रावर (काउंटरवर) मिळणारं मोनोसाइट डिस्ट्रिब्युशन विड्थ, म्हणजे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारातला फरक, हा पर्याय हिमोग्रामच्याच नळीत होतो, म्हणून सोपा वाटतो. पण नमुना काढल्यापासून दोन तासांत चालवावा लागतो. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून निघालेली नळी बांबोळीच्या काउंटरवर चढेपर्यंत ही मुदत सहज उलटते.

आमचं मत: इमर्जन्सीत तापाने आलेल्या, संसर्गाची शंका असलेल्या रुग्णांसाठी पाचपैकी चार. ट्रॉमासाठी दोन. गोमेकॉ, आझिलो वा हॉस्पिसियोसारख्या इस्पितळाने या कामासाठी पैसे काढलेच, तर आधी गंभीर जखमींचं प्रोकॅल्सिटोनिन पहिले सात दिवस रोज सकाळी ठरलेल्या वेळी, एकाच यंत्रावर करावं आणि त्याचा आलेख खाटेशी लावावा. त्यावर ऑपरेशनची वेळ लाल पेनाने टाकावी. आकडा उलटा फिरला की अँटिबायोटिकआधी रक्ताच्या कल्चरचे (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) दोन संच घ्यावेत, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. शॉक असेल तर तासाभरात औषध सुरू व्हावं, प्रोकॅल्सिटोनिनच्या रिपोर्टसाठी थांबू नये. वर्षभराच्या अशा नोंदी हाती असतील, तर कोणत्याही कंपनीचा स्कोअर आपल्याच रुग्णांवर पडताळून मगच करारावर सही करता येईल.