‘ताजं अ‍ॅन्युअल, अपघात नाही’ : जुनं सेस्ना घेताना झालेली फसवणूक

मंडळातला एक तरुण परवा फोनवर म्हणाला, "ताई, एक सेस्ना १७२ विमान बघितलंय. अ‍ॅन्युअल (वार्षिक तपासणी) आत्ताच झालंय, अपघाताची नोंद नाही, माणूसही फार सज्जन वाटतो." त्याने पाठवलेली जाहिरात वाचली आणि घशाला कोरड पडली. मला जुनं विमान विकताना ज्याने फसवलं तोच हा विक्रेता, वाक्यंही तीच, विमान तेवढं दुसरं. म्हणून लगेच लिहायला बसले. प्रकरण तक्रारीत आहे, त्यामुळे नाव देत नाही. पण अमेरिकेत नोकरी सांभाळून विमान चालवायला शिकलेले आणि आता स्वतःचं घेऊ म्हणणारे मराठी लोक माझ्या ओळखीतच बरेच आहेत. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

खाजगी वैमानिकाच्या परवान्याला नियमाने किमान ४० तास लागतात, प्रत्यक्षात बहुतेकांचे साठ-सत्तर होतात. शाळेचं विमान शनिवार-रविवारी मिळत नाही, मिळालं तर हवा बिघडते, आणि तासाचं भाडं वाढतच असतं. परवाना हातात आला की स्वतःचं विमान घ्यायची इच्छा होते ती यातूनच. (शाळेबद्दलही एक सांगते: सवलतीच्या नावाखाली सगळी फी आगाऊ मागणाऱ्यांपासून लांब राहा. २००८ साली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही साखळी एकाएकी बंद पडली, तेव्हा कर्ज काढून आधीच पैसे भरलेले विद्यार्थी देशभर अडकले होते. जेवढे तास शिकाल तेवढेच पैसे द्या.)

नवं विमान आपल्या आवाक्यातलं नसतं. सेस्नाने छोटी पिस्टन विमानं बनवणं १९८६ मध्ये थांबवलं आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू केलं. त्यामुळे आपल्यासारख्यांना परवडणारी बरीचशी विमानं साठ-सत्तरच्या दशकांतली. माझं १९७८ चं १७२ एन, लायकमिंग कंपनीच्या १६० अश्वशक्तीच्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाचं. या इंजिनाचा कॅमशाफ्ट आणि टॅपेट (सिलिंडरच्या झडपा उघडणारा दांडा आणि त्याला टेकलेले भाग) झिजण्याचा त्रास जुना आणि जगजाहीर आहे. म्हणूनच तेल बदलताना त्यात ठरावीक अ‍ॅडिटिव्ह घालणं एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, बंधनकारक केलं आहे. मी हे वाचलं होतं, विचारलंही होतं. उत्तर आलं, "सगळं वेळच्या वेळी केलंय."

आता ‘ताजं अ‍ॅन्युअल’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दर बारा महिन्यांनी विमानाची पूर्ण तपासणी व्हायलाच हवी, आणि त्यावर सही चालते ती खास अधिकार असलेल्या मेकॅनिकचीच. आपल्याकडच्या गाडीच्या पासिंगसारखंच हे: कुणी दोन दिवस पॅनल उघडून खरंच बघतो, कुणी दुपारच्या चहाआधी सही करून मोकळा होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. विक्रेत्याच्या ओळखीतल्या माणसाने विक्रीच्या तोंडावर केलेल्या अ‍ॅन्युअलला मी आता काडीची किंमत देत नाही.

खरेदीआधीची तपासणी, म्हणजे प्री-बाय, ही तर नियमात कुठे व्याख्याच नसलेली गोष्ट. काय बघायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. विमान आमच्यापासून दोन राज्यं लांब होतं. विक्रेत्याने तिथल्याच एका मेकॅनिकचं नाव सुचवलं. मी ईमेलवर सरळ विचारलं: या गृहस्थांचा तुमच्याशी किंवा अ‍ॅन्युअल करणाऱ्याशी काही संबंध आहे का? लेखी उत्तर आलं: नाही, एकाच विमानतळावर काम करतो, एवढंच. व्यवहार झाल्यावर काही महिन्यांनी मी त्या राज्याच्या व्यवसाय-नोंदणीत शोधलं. अ‍ॅन्युअलवर सही करणारा, प्री-बाय करणारा आणि विकणारा, तिघेही एकाच छोट्या कंपनीत भागीदार! ही नोंद कुणालाही घरबसल्या बघता येते. मेकॅनिक ठरवण्याआधी ती बघाच.

पहिलं बिंग आमच्या विमानतळावर फुटलं. इथले म्हातारे मेकॅनिक कुणाच्याही सहीवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी तेलाचा फिल्टर कापला, आतला घडीचा कागद अ‍ॅकॉर्डियनसारखा उलगडला, स्वच्छ भांड्यात सॉल्व्हंट ओतून त्यात तो धुतला आणि तळाशी बसलेल्या गाळातून लोहचुंबक फिरवलं. चुंबक वर आलं ते केसाळ होऊन. बारीक, चमकणाऱ्या लोखंडी कपच्या. ते काही बोलले नाहीत, भिंग माझ्या हातात दिलं. मग एक सिलिंडर उतरवून आत दिवा धरला. कॅमच्या उंचवट्यावर गंज खाऊन पडलेले खड्डे बोटाच्या नखाला लागत होते.

याचं कारण साधं आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल खाली निथळतं, दमट हवा आत शिरते आणि गंज धरतो. म्हणजे ‘कमी तास उडालेलं इंजिन’ हे कौतुकाचं नसून धोक्याचं असू शकतं. माझ्या विमानाच्या लॉगबुकात (उड्डाणं आणि देखभाल यांच्या नोंदवहीत) मात्र दर महिन्याला थोडंथोडं उड्डाण नोंदलेलं होतं. विमानात इंधन कुठे भरलं त्याच्या पावत्या मागितल्या, तर एकही निघाली नाही. अ‍ॅडिटिव्हचा उल्लेख तर कुठल्याच तेलबदलाच्या नोंदीत नव्हता.

त्यानंतर मेकॅनिककाका पायांच्या बाजूने केबिनमध्ये आडवे झाले आणि टॉर्च लावून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, खालून वर बघत गेले. एका कोपऱ्यात रिव्हेटांचं डोकं बाकीच्यांपेक्षा वेगळं, रंगही किंचित फिकट. "पोरी, हे नाकावर आपटलेलं आहे," ते म्हणाले. १७२ उतरताना पुढच्या चाकावर आदळलं की फायरवॉल वाकतो, आणि बऱ्याचदा पंखाही (प्रोपेलर) जमिनीला लागतो. पंखा लागला तर लायकमिंगसाठी २००४ चा एक एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एफएएचा सक्तीचा सुरक्षा-आदेश, आहे: क्रँकशाफ्टच्या मागचं गिअर आणि त्याचा बोल्ट तपासणं सक्तीचं. ते केल्याची नोंद कुठेच नव्हती. जिथे असायला हवी त्या काळाचं लॉगबुक विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ‘घर बदलताना हरवलेलं’.

या हरवलेल्या लॉगबुकाबद्दल मला आधीच खटकलं होतं, म्हणून मी एफएएची फाइल मागितली होती. ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयात प्रत्येक विमानाची मालकी, कर्जं आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ नंबरचे फॉर्म जमा असतात. विक्रेता म्हणाला, "कालच मागवलीय, पाठवतो." पीडीएफ आलं, त्यात अपघाताचा मागमूस नव्हता. नंतर मी स्वतः थेट मागवलं. माझ्या प्रतीत फायरवॉल दुरुस्तीचा ३३७ फॉर्म दोन्ही बाजूंनी भरलेला, स्वच्छ वाचता येणारा. त्याने पाठवलेल्या पीडीएफमधून नेमकी तीच पानं काढलेली होती. ही फाइल अगदी थोड्या पैशांत मिळते. विक्रेत्याकडून कधीही घेऊ नका, तो कितीही तत्पर असला तरी.

त्याच फाइलमध्ये आधीच्या मालकाचं एक जुनं कर्जही अजून जिवंत निघालं. बँकेकडून मुक्तीचं पत्र मिळालं, पण विकायला काढलं असतं तर तिथेच अडकलं असतं.

व्हिसावर असलेल्यांना वेगळं सांगायचं आहे. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, एच-१बी चालत नाही. हे हेरून "सध्या माझ्या नावावर ठेवू, कार्ड आलं की तुझ्यावर करू" म्हणणारे भेटतात. आपल्या एका ओळखीच्या कुटुंबाला असंच गळाला लावलं होतं. पैसे यांचे, कागदोपत्री मालक तो. ट्रस्टमार्फत नोंदणीचा कायदेशीर मार्ग आहे. त्यासाठी विमानव्यवहाराचा वकील गाठा, मित्र नव्हे.

माझी सध्याची स्थिती अशी. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्याने बांधणं) तीस हजार डॉलरच्या वर गेलं. विक्रीपत्रात ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेलं असल्याने विक्रेत्याने हात झटकले. नियमाने विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची, त्यामुळे सही करणाऱ्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. पण देखभालीच्या नोंदीत जाणूनबुजून खोटं लिहिणं हा नियमभंग आहे, आणि पानं काढलेलं पीडीएफ व तो ईमेल ही लबाडी आहे. वकिलांच्या मते ‘आहे त्या स्थितीत’च्या आडून लबाडी लपवता येत नाही. एफएएच्या स्थानिक कार्यालयात तक्रार दिली आहे, दावाही दाखल केला आहे.

त्या तरुणाला मी करारात एक कलम घालायला सांगितलं: तपासणी खरेदीदाराच्या मेकॅनिककडून, त्याच्या हँगरमध्ये, फिल्टर कापून आणि सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून होईल, तोवर अनामत एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या तटस्थ पक्षाकडे, राहील आणि तपासणीत काही निघालं तर पूर्ण परत मिळेल. विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी कळवलं, दुसरं गिऱ्हाईक आहे, वेळ नाही.