साखरेचं वॅक्स, नऊ महिने, भुसावळची हवा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा घरी वॅक्स केलं, आता श्रावण लागलाय. एवढ्या महिन्यांत हात, पाय, काख सगळं घरीच, दर तीन-चार आठवड्यांनी, साखर-लिंबाच्या पाकाने. डब्यातलं वॅक्स सोडलं ते पुरळामुळे. त्यात बहुतेक वेळा राळ असते, ती पाण्याने निघत नाही, तेल लावून पुसावी लागते, आणि माझ्या पोटऱ्यांवर दोन-दोन दिवस लाल पुरळ राहायचं. साखरेचा पाक कोमट पाण्याने धुतला जातो. पुरळ अजूनही येतं, पण संध्याकाळपर्यंत बसतं.

माझं प्रमाण: २ वाट्या साखर, पाव वाटी गाळलेला लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, मंद आच. लिंबू वासासाठी नाही. त्याच्या आंबटपणाने साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणून पाक गार झाल्यावर दाणेदार होत नाही. पहिल्या वेळी मी रस कमी घातला होता, दुसऱ्या दिवशी बरणीत खडीसाखर.

पाक कधी उतरवायचा हे मला घरातल्या थोरल्या जीजीने शिकवलं. ओट्याशी येऊन म्हणाली, "हाऊ कसाना पाक शे वं माय?" कशाचा ते सांगितल्यावर तिने वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब टाकला आणि बोटांत धरून बघितला. पसरला तर अजून कच्चा, मऊ गोळी झाली तर उतरव, टणक झाली तर पुढे गेला, चमचाभर पाणी घालून परत तापव. मधाचा रंग येईपर्यंत थांबा असं सगळे सांगतात, पण रंगापेक्षा ही गोळीच भरवशाची.

आणि ही गोळी ऋतूप्रमाणे बदलावी लागते. मला हे कळायला सहा महिने लागले. जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा मऊ गोळीचा पाक छान पसरतो आणि स्वच्छ निघतो. तोच पाक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीच्या पायाला लावला, तर नुसता ओघळला. एक केस निघाला नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अंगाला सतत घाम, आणि साखर पाण्यात विरघळणारी. घामावर पकड येणार कशी? आता उन्हाळ्यात पाक एक पायरी घट्ट करते, उजाडायच्या आत बसते, पाय धुऊन कोरडे करून पावडर लावते. कुलर बंद. त्याच्या ओल्या हवेने पाक आणखी चिकट होतो. पावसाळ्यात बरणीचं झाकण सैल राहिलं तर पाक हवेतला ओलावा ओढून पातळ होतो, म्हणून तेव्हा लागेल तेवढाच करते.

पट्ट्यांसाठी जुन्या जीन्सचं कापड सगळ्यात उत्तम, गरम पाण्यात धुऊन पुन्हा वापरता येतं. केस गव्हाच्या दाण्याएवढे वाढलेले हवेत, त्याहून आखूड असले तर मुळातून न येता तुटतात. पाक केसांच्या दिशेने, पातळ. ओढताना उलट दिशेने, एका हाताने कातडी ताणून, पट्टी अंगालगत ठेवून. वर उचलून ओढली की काळं-निळं पडतं, माझ्या मांडीवर आठवडाभर डाग होता. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, तिथे छोटे-छोटे तुकडे करून घ्यावे लागतात. अजूनही मला तिथे बहिणीचा हात लागतो.

पाक चुलीवरून उतरतो तेव्हा उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि अंगाला चिकटून राहतो. अर्धा तास तरी थांबा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावरच हे काम काढा.

पहिल्या वेळी आठच दिवसांत केस दिसले, तेव्हा वाटलं फुकट गेलं. पण सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, काही तेव्हा कातडीखालीच असतात. चौथ्या खेपेपासून तीन आठवडे निवांत जातात. कायमचे मात्र जात नाहीत, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या मांड्यांवर यायच्या. दोन दिवस थांबून नंतर अंघोळीत वाळलेल्या गिलक्याची जाळी हलक्या हाताने फिरवायला लागले, तेव्हापासून कमी आहेत. वॅक्स केलं त्या दिवशी उन्हात जात नाही, सेंट लावत नाही, फक्त गार ओला कपडा आणि खोबरेल.

बहिणीच्या ओठावर मात्र मी चूक केली. ती मुरुमांसाठी ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत होती, मी विचारलंच नाही. पट्टीबरोबर वरची साल निघाली, पंधरा दिवस चट्टा होता. त्या क्रीमने कातडीचा वरचा थर पातळ होतो. चेहऱ्यावर असलं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आई म्हणते माझेही पाय करून दे. तिला शुगर आहे, जखम लवकर भरत नाही, म्हणून मी करत नाही. तीळ आणि फुगलेल्या शिरांवरही नको.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आधी पुढची खेप आहे. लिंबं आणून ठेवलीत, पाक घट्ट करायचा की मऊ, ते त्या सकाळची हवा बघून.