जुने गठ्ठे स्कॅन करायचे तर: वळणाचा फीडर की सरळ वाटेचा?

कर सल्लागार असो, पतसंस्था असो की मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची पेढी, सांगलीत स्कॅनर घ्यायला निघालेला माणूस शेवटी दोन पर्यायांपाशी येऊन थांबतो. एक, काच आणि वर झाकणात फीडर (गठ्ठ्यातला एकेक कागद आपोआप आत ओढणारा भाग) असलेलं ऑल-इन-वन, म्हणजे प्रिंट, झेरॉक्स आणि स्कॅन एकत्र करणारं यंत्र. दुसरा, नुसता कागद ओढणारा उभा स्कॅनर. आमच्या ऑफिसात दोन्ही आहेत, दोन्ही रोज चालतात. रिझोल्यूशन आणि वेगाबद्दल मी लिहीत नाही. ते खोक्यावर छापलेलं असतं आणि ऑफिसच्या कामाला दोन्हींचं पुरतं.

आधी ट्रेबद्दल. दुकानदार आकडा सांगतो तो ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) नव्या, सपाट ए-फोर कागदाचा. आपल्याकडे येतात ते पातळ पट्ट्या (अडत्याने शेतकऱ्याला दिलेले हिशेबाचे कागद), घडी पडलेले सातबारे, फोटो चिकटवलेले केवायसी अर्ज आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या पावत्या. असा गठ्ठा ट्रेच्या खुणेपर्यंत भरला की अडकलाच म्हणून समजा. मी दोन्ही यंत्रांत निम्माच भरतो. त्यामुळे माझ्या मते ट्रे किती मोठा, यापेक्षा चालू कामात वरून भर घालता येते का, हे विचारावं. ऑल-इन-वनचा फीडर बहुधा सर्वांत वरचा कागद उचलतो, म्हणून नवीन कागद खाली सरकवावे लागतात आणि त्यासाठी यंत्र थांबवावं लागतं. उभे स्कॅनर बहुतेक खालून ओढतात. निम्मा गठ्ठा संपत आला की पुढचा वरून ठेवायचा, काम सुरूच. ट्रे लहान असूनही दिवसाचं काम उभ्यावर जास्त होतं, ते यामुळे.

दोन कागद एकदम जाण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण उपाय वेगळे. साध्या फीडरमध्ये रबराचा एक स्थिर तुकडा असतो, सेपरेशन पॅड. तो दुसरा कागद नुसता घासून अडवतो. कागद रोज एकाच जागेवरून जातो, मग तिथे तुकतुकीत पट्टा पडतो आणि पकड सुटते. चांगल्या उभ्या स्कॅनरमध्ये तिथे उलटा जोर लावणारा रोलर असतो. एकच कागद आला तर तो कागदाबरोबर फिरतो, दोन आले तर वरचा मागे धरून ठेवतो. शिवाय अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. दोन कागदांमध्ये हवेचा थर असला की ध्वनी पलीकडे क्षीण पोहोचतो आणि यंत्र थांबतं. चिकटवलेल्या फोटोलाही ते असंच फसतं, म्हणून केवायसीच्या गठ्ठ्याला सेटिंगमध्ये तेवढा भाग वगळावा लागतो. सेन्सरच बंद करून टाकणारी मंडळी मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. कर्जाच्या फायलीतलं जामीनदाराच्या सहीचं पान स्कॅनच झालं नाही, हे वसुलीच्या वेळी कळून काय उपयोग?

आता माझ्यासाठी ज्यावर निर्णय झाला ती गोष्ट. कागद कुठल्याही यंत्रात अडकतोच. प्रश्न पुढचा आहे: अडकल्यावर काम नेमकं कुठे थांबलं?

ऑल-इन-वनमध्ये कागद आत जाऊन इंग्रजी यू अक्षरासारखा वळतो आणि वरच्याच बाजूला परत येतो. झाकण उघडलं की एक पट्टी वळणात वाकून बसलेली, तिच्या मागे दुसरी अर्धी शिरलेली. पहिली काचेवरून गेली होती की नाही? स्क्रीनवर शेवटचं चित्र कुणाचं? अडतीच्या पट्ट्या दिसायला सगळ्या सारख्या, तेच शीर्षक, तोच छापील नमुना, फरक फक्त क्रमांकात. मग दोन्ही कागद पुन्हा घालायचे आणि एखादी पट्टी दोनदा येणार, किंवा पुढे जायचं आणि एखादी राहणार. खात्री करायची तर सगळा गठ्ठा स्क्रीनशी पडताळायचा. काही यंत्रं अडकल्यावर चालू कामच रद्द करतात, मग पहिल्यापासून. वळणातून पट्टी ओढताना फाटते ती वेगळीच, आणि शेतकऱ्याच्या हिशेबाची तेवढी एकच प्रत असते.

उभ्या स्कॅनरची वाट वरून खाली जवळजवळ सरळ. पुढचं झाकण पाडलं की सगळी वाट डोळ्यांसमोर, आणि तिच्यात बहुतेक वेळा एकच कागद. तो उचलायचा, सरळ करायचा, गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचा, पुढे चालू. पडताळायचं एकच पान. इतर सगळे मुद्दे बरोबरीत सुटले असते तरी मी यावरच उभा घेतला असता.

पावसाळ्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची दमट हवा कागदात मुरते, कडा वळतात, पानं एकमेकांना धरून बसतात. गठ्ठा आदल्या रात्री कोरड्या खोलीत सुटा करून ठेवावा, सकाळी पत्त्यांसारखा पिसावा, पिना काढाव्यात, ट्रेमधल्या बाजूच्या सरकत्या पट्ट्या कागदाच्या कडेला टेकवाव्यात. लहान पावत्या मधोमध ठेवाव्यात, कारण रोलर मध्यभागीच असतो. कार्बनलेस कागदाच्या (कार्बन न घालता खाली प्रत उमटणाऱ्या) पट्ट्या असतील तर रोलर जास्त वेळा पुसा. त्यावरच्या रसायनाने रबर लवकर गुळगुळीत होतं.

ऑल-इन-वनची बाजूही खरी आहे. २०१९ च्या पुरात भिजून वाळलेल्या फायली आमच्याकडे आल्या, तेव्हा काचेला पर्याय नव्हता. लाटा पडलेला आणि गाळाची पूड धरलेला कागद कुठल्याच फीडरमध्ये घालू नये. अडकतो तो अडकतो, वर फीडरच्या आतल्या काचेच्या पट्टीवर कण बसला की पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. बांधलेली वही, पासबुक, जुना फाटका स्टॅम्प पेपर यांनाही काचच हवी. दिवसाला दहावीस कागद आणि मधूनच झेरॉक्स एवढंच काम असेल, तर कदाचित तुम्हाला ऑल-इन-वनच सोयीचं पडेल. गठ्ठ्याचं काम असेल तर मी उभा घ्या म्हणेन आणि काचेसाठी एखादा साधा जुना स्कॅनर बाजूला ठेवा.

घेताना रोलरची चौकशी आधी करा. फुजित्सूचा, म्हणजे आताच्या रिकोचा एफआय-७१६० पाहा: ट्रे ८० कागदांचा, आणि रोलर २,००,००० कागदांनंतर किंवा वर्षाने बदला असं कंपनीच सांगते. मोजणी सॉफ्टवेअरमध्ये दिसते. जुना घेत असाल तर तो आकडा दुकानातच उघडून बघा, रोलरचा संच सांगली-कोल्हापुरात मिळतो का ते विचारा, आणि जाताना स्वतःचा सर्वांत वाईट गठ्ठा सोबत न्या. दुकानातल्या कोऱ्या कागदावर दोन्ही यंत्रं सुरेख चालतात.