बँकॉकची डेटा एन्ट्री सांगून मला म्यानमारच्या म्यावाडीत विकलं

लाज वाटते म्हणून परत आल्यापासून चार महिने गप्प होतो. पण गेल्या आठवड्यात तीच परदेशातल्या नोकरीची जाहिरात परत दिसली आणि राहवलं नाही.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. माझे 1,45,000 रुपये गेले. 60,000 गूगल पे केले, 85,000 रोख, तेही आईच्या पाटल्या गहाण टाकून. बँकॉकला डेटा एन्ट्री, महिना 75,000, राहणं-जेवण फ्री. एजंट आपलाच मराठी माणूस, गणपतीत मंडळात आरतीला उभा राहणारा, आईला वहिनी म्हणणारा, मग लायसन्स कोण विचारतं? शिकलेला असून कसा फसलास म्हणणाऱ्यांनी आधी बीकॉम करून दोन वर्षं 14,000 वर राबून बघावं.

कळायला हवं होतं ते अहमदाबाद एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये. एजंट पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर फिरायला चाललोय सांग, नोकरीचं नाव काढू नको." आणि मी तसंच सांगितलं! नोकरी खरी असेल तर खोटं कशाला बोलायचं, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. अजून रात्री तेच आठवतं, तो हात, ते वाक्य. मी गेलो तेव्हा थायलंडला फिरायला आपल्याला व्हिसा लागत नव्हता, कामाला लागायचा, यांचा सगळा धंदा त्यावर चालला.

बँकॉकला उतरल्यावर ज्या गाडीत बसवलं ती शहरात थांबलीच नाही, सात-आठ तासांनी थायलंडच्या सीमेवरचं मे सोत, रात्री होडीतून मोई नदी, पलीकडे म्यानमार. पासपोर्ट काढून घेतला आणि सांगितलं, कंपनीने तुला विकत घेतलंय, 4,000 डॉलर भर आणि जा. विकत! रोज 16 तास बाईचा फोटो लावलेल्या प्रोफाईलवरून परदेशातल्या लोकांना क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचे, टार्गेट चुकलं की शॉक. गेटवर बंदूकवाले. हो, माझ्या हातून लोक फसले, पण मार खाऊन.

फेब्रुवारी 2025 ला थायलंडने तिकडची वीज तोडली, मग हळूहळू लोकांना सोडायला लागले. मार्चमध्ये आम्हाला नदीपार मे सोतला आणलं. तिथल्या विमानतळावर मी कुणालाही न विचारता बाथरूमला गेलो. कुणी मिनिटं मोजत नव्हतं. आतून कडी लावली आणि नुसता उभा राहून रडलो. हवाई दलाच्या दोन विमानांनी मिळून आम्हा 549 जणांना दिल्लीजवळ हिंडनच्या हवाई तळावर आणलं.

आणि घरी आल्यावर? पोलीस ठाण्यात म्हणतात सायबर सेलकडे जा, सायबरवाले म्हणतात हे परदेशात घडलं, परत ठाण्यात जा. रोख दिलेस तर पावती कुठे? टुरिस्ट म्हणून तूच गेलास ना? आठ चकरा झाल्या, अर्जावर शिक्का नाही, वर एकाने आईसमोर विचारलं की तू तिथे किती जणांना गंडवलंस. आम्हाला विकणारा मोकळा फिरतोय आणि जबाब मी देतोय!

पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव शोधा. नोंदणी असलेल्याला 30,000 आणि जीएसटीच्या वर फी घेताच येत नाही, मी जवळजवळ पाचपट दिले. रोख देऊ नका, मंडळातला असला तरी. "फिरायला चाललोय सांग" ऐकलं की तिथूनच रिक्षा पकडा.

नवीन जाहिरातीत नंबर दुसरा आहे, पगार तोच 75,000, देश मात्र लाओस लिहिलाय. स्क्रीनशॉट पोलीस ठाण्यातल्या साहेबांना पाठवला. ब्लू टिक आली, उत्तर अजून नाही.