मेरिनो टी-शर्ट : वास मारत नाही, वाळायला मात्र वेळ घेतो

लांबच्या सायकल प्रवासासाठी कपडा घेताना मी एकच बघते : रात्री बेसिनमध्ये धुतला तर सकाळी निघताना अंगात घालता येईल का? १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम कापडाचा) हा मेरिनो मेंढीच्या लोकरीचा टी-शर्ट त्यात काठावर पास होतो. तरी पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या कॅरियरला लटकवायच्या बॅगेत, त्याची जागा पक्की आहे, कारण तो रोज धुवावाच लागत नाही.

उन्हात लोकर म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण यातला तंतू १८ मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे अगदी बारीक, त्यामुळे तो टोचत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही शोषत नाही. म्हणूनच ते झटपट वाळतं, पण घामातला ओशटपणा धरून बसतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाला काखेतून आंबट भपकारा येतो. मेरिनो दिवसभर घामेजला तरी रात्री नुसता वाऱ्यावर टांगला की पुरतं. खात्री हवी तर तंबूत शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

धुताना गार पाणी, सौम्य साबण आणि हाताने हलकं दाबत खळबळणं, बस्स. कढत पाणी आणि ब्रश नकोच. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ते उष्णतेने आणि चोळण्याने एकमेकांत अडकले की कापड आटतं, जाड होतं. पिळायचंही नाही. कोरड्या टॉवेलवर टी-शर्ट पसरायचा, दोन्हींची घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघे रोवून भार द्यायचा. टॉवेल चिंब होतो, टी-शर्ट नुसता दमट उरतो. हे टाळलंत तर दमट हवेत सकाळी काखेतली आणि गळ्याची शिलाई हाताला ओली लागणारच. मग तो सेफ्टी पिनांनी पॅनियरवर टाचायचा. चिमटे नकोत, पहिल्याच खड्ड्यात उडतात.

खरी तक्रार टिकाऊपणाची. पाठीवरच्या सॅकचा पट्टा घासतो तिथे माझ्या टी-शर्टचं कापड विरलंय, उजेडात धरलं की बारीक भोकं दिसतात. थोडं नायलॉन मिसळलेला मिळाला तर तोच घ्या.

आणि मेरिनोची ही सवय पॅडच्या शॉर्टला, म्हणजे बैठकीला गादी शिवलेल्या सायकलच्या चड्डीला, लावू नका. ती रोज धुवायची, उलटी करून पॅड उन्हाकडे ठेवायचं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. त्याचा थर बसला की पॅड घाम शोषेनासं होतं.

दुसरा टी-शर्टही मेरिनोच घेऊ का? मी तरी नाही घेणार. दुसरा पातळ पॉलिएस्टरचाच बरा. पावसात भिजून मुक्कामी पोहोचल्यावर आधी तोच वाळतो.